आमच्या जुन्या डिस्क नव्या कन्सोलवर चालू द्या: तीन गेम कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
सोनी इंटरअॅक्टिव्ह एंटरटेनमेंट, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स विभाग आणि निन्टेंडो

विषय: जुन्या कन्सोलसाठी विकलेल्या मूळ डिस्क सध्याच्या कन्सोलवर चालू देण्याबाबत

महोदय,

गेल्या काही वर्षांत तुम्ही तिघांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेले निर्णय एकत्र ठेवून वाचले, तर त्यांची दिशा एकच दिसते. निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या कन्सोलचे, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांचे, ऑनलाइन दुकान बंद केले. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलचे दुकान बंद केले आणि त्याच वर्षी एक्सबॉक्स सीरिज एक्स या नव्या कन्सोलची डिस्क ड्राइव्ह नसलेली आवृत्तीही बाजारात आणली. सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ चा, म्हणजे पीएस५ चा, प्रो हा कन्सोल काढला तो ड्राइव्हविनाच. ड्राइव्ह हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे मोजायचे. जुना गेम डाउनलोड करून घेण्याची वाट अशी एकीकडून बुजत चालली आहे, आणि ज्या फटीतून आम्ही आमची डिस्क आत सरकवत होतो ती फट दुसरीकडून. हे मुकाट्याने पाहत राहणे मला पटत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला उद्देशून, पण सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. प्रकाशक बंद पडला, लेखक गेला, आवृत्ती संपली, तरी विकत घेतलेले पुस्तक वाचता येते, या साध्या विश्वासावर माझा सगळा व्यवसाय उभा आहे. घरी माझ्या आणि धाकट्या भावाच्या मिळून पीएस२ आणि पीएस३ च्या बऱ्याच डिस्क आहेत. त्या सगळ्या मूळ आहेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण ज्या काळात आम्ही त्या घेतल्या त्या काळात भारतात मूळ डिस्क घेणारा माणूस चेष्टेचा विषय होता. कन्सोल घेतला की पहिल्याच आठवड्यात तो दुकानात नेऊन त्याला नकली डिस्क चालू देणारी चिप बसवून घ्यायची आणि मग शंभराच्या आत मिळणाऱ्या नकली डिस्क आणायच्या, हीच बहुतेक घरांतली रीत होती; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तर तो उघड व्यवहार होता. आम्ही त्या वाटेने गेलो नाही. वेष्टन आवडले म्हणून नव्हे, तर गेम बनवणाऱ्यांना त्यांचे पैसे मिळावेत म्हणून आम्ही अनेक पट किंमत दिली. आज परिस्थिती अशी आहे की ज्याने त्या वेळी नकली डिस्क घेतली त्याचे काहीच अडलेले नाही, कारण त्याला तोच गेम संगणकावर फुकट उतरवून घ्यायला संकोच वाटत नाही. अडले आहे ते फक्त पैसे देणाऱ्यांचे.

आता तक्रारींकडे येते. त्या तिघांच्या बाबतीत सारख्या नाहीत, आणि सर्वांत मोठी तक्रार सोनीविषयी आहे, कारण भारतातल्या घरांमध्ये सर्वाधिक डिस्क सोनीच्याच कन्सोलच्या आहेत.

जुनी डिस्क नव्या यंत्रावर चालवणे ही कल्पना सोनीला परकी होती असे कोणी म्हणू शकणार नाही. मार्च २००० मध्ये जपानमध्ये पीएस२ आला तेव्हा त्यात पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसवलेला होता. नवा गेम चालू असताना तो इनपुट-आउटपुटची कामे सांभाळी आणि जुनी डिस्क घातली की पूर्ववत मुख्य प्रोसेसर म्हणून काम करी. लोकांनी आपला जुना संग्रह न टाकता नवा कन्सोल घेतला, आणि पीएस२ च्या १५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या त्यात या सोयीचाही वाटा होता. नोव्हेंबर २००६ मधल्या पहिल्या पीएस३ मध्येही पीएस२ चे दोन्ही मुख्य चिप होते. मग खर्च कमी करण्याचा काळ आला. २००७ च्या मार्चमध्ये युरोपात आलेल्या आवृत्तीतून त्यांपैकी एक चिप काढला गेला, आणि त्याच वर्षीच्या ४० जीबी आवृत्तीपासून पीएस२ ची डिस्क चालणे पूर्ण बंद झाले. चिपला पैसे पडतात, ही अडचण मी समजू शकते.

परंतु २०१५ नंतर ती अडचण उरलेली नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सोनीने पीएस४ वर पीएस२ चे गेम डिजिटल स्वरूपात विकायला सुरुवात केली. ते गेम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांत वेगळा चिप लागत नाही, आणि चित्रही मूळच्यापेक्षा स्वच्छ दिसते. म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे आणि ते चालते. पीएस२ चे बहुतेक गेम डीव्हीडीवर आलेले आहेत आणि पीएस५ चा ड्राइव्ह सिनेमाची डीव्हीडी व्यवस्थित वाचतो. तरीही त्याच ड्राइव्हमध्ये पीएस२ ची डिस्क घातली की ती नाकारली जाते. पीएस४ आणि पीएस५ च्या ड्राइव्हना सीडी वाचता येत नाही, त्यामुळे पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या पाठीच्या डिस्क आणि पीएस२ च्या निळ्या पाठीच्या मोजक्या डिस्क यांच्या बाबतीत खरोखरीची यांत्रिक अडचण आहे, हे मान्य. डीव्हीडीच्या बाबतीत मात्र नकाराला यंत्र जबाबदार नाही, तुमचे धोरण जबाबदार आहे. ज्याच्या हातात डिस्क आहे त्याने तोच गेम पुन्हा विकत घ्यावा किंवा दरमहा सदस्यत्वाचे पैसे भरावेत, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

सदस्यत्वाचा विषय निघाला आहे तर भारतापुरती एक गोष्ट नोंदवते. जून २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या सदस्यत्वाची नवी रचना आली, तेव्हा अमेरिकेसारख्या देशांना प्रीमियम ही सर्वांत वरची श्रेणी मिळाली, तर भारताच्या वाट्याला डिलक्स आली. दोहोंतला मुख्य फरक क्लाउड स्ट्रीमिंगचा, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळण्याचा, आणि पीएस३ चे गेम तुम्ही त्या स्ट्रीमिंगमधूनच देता. परिणामी पीएस३ ची डिस्क असलेल्या भारतीय ग्राहकाला ती नव्या कन्सोलवर चालवता येत नाही, तिची प्रत विकत घेता येत नाही, आणि सदस्यत्वाचे पैसे भरायची तयारी असली तरी तो गेम मिळत नाही. पीएस३ मधला सेल प्रोसेसर विलक्षण गुंतागुंतीचा होता, त्याची नक्कल करणे अवघड आहे, हे या विषयात थोडेही वाचलेला माणूस जाणतो. पण आरपीसीएस३ हा एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे तुमची कागदपत्रे नव्हती आणि तुमचे पाठबळही नव्हते, पीएस३ चे बहुसंख्य गेम संगणकावर शेवटपर्यंत खेळता येतील इथवर मजल मारली आहे. ज्यांनी तो प्रोसेसर घडवण्यात भाग घेतला त्यांना हे जमणार नाही, हे मी कसे मानावे?

एम्युलेटरबद्दल तुमच्या धोरणातली विसंगती मला विशेष खटकते. १९९९ मध्ये कनेक्टिक्स या कंपनीने मॅकिंटॉश संगणकावर प्लेस्टेशनची डिस्क चालवणारे सॉफ्टवेअर काढले, तेव्हा सोनीने तिच्यावर दावा लावला आणि २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात तो दावा टिकला नाही. पुढे २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीने वीस गेम भरलेला छोटा प्लेस्टेशन क्लासिक विकला, त्यात मात्र पीसीएसएक्स रीआर्म्ड हा मुक्त स्रोताचा, स्वयंसेवकांनी घडवलेला एम्युलेटरच वापरलेला होता. तो वापरण्यात गैर काहीच नव्हते. मग आमच्यासारख्यांनी आपल्या डिस्कसाठी तसेच सॉफ्टवेअर वापरले की त्याकडे चोरीच्या नजरेने का पाहिले जावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

जुना कन्सोलच जपून ठेवा, असे सांगणे सोपे आहे. पीएस२ चे उत्पादन जानेवारी २०१३ पर्यंत संपले, म्हणजे आज सर्वांत तरुण पीएस२ देखील बारा वर्षांहून मोठा आहे. त्याचा लेझर हळूहळू क्षीण होतो, मग आधी डीव्हीडी आणि नंतर सीडी, किंवा कधी उलट क्रमाने, डिस्क वाचायला तो नकार देऊ लागतो. मूळ प्रतीचा लेझर मिळत नाही. जो मिळतो त्याचा भरवसा दुरुस्ती करणारा स्वतःच देत नाही. कन्सोल चालला तरी त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी घालायला नव्या टीव्हीला जागा नसते, आणि स्वस्त कन्व्हर्टर लावला तर बटण दाबणे आणि पडद्यावरच्या माणसाने उडी मारणे यांत एवढे अंतर पडते की गेममधली मजाच जाते. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत ठेवलेल्या डिस्कवर बुरशी धरते ते वेगळेच. डिस्क पुसता येते. लेझरला मात्र इलाज नाही.

या सगळ्यात सर्वाधिक नुकसान कोणत्या गेमचे होते, याकडे तुमचे लक्ष गेले आहे का? जे गेम जगभर गाजले ते कोणत्या ना कोणत्या रूपात पुन्हा विकले जातात. बाकीचे राहतात ते फक्त डिस्कवर. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने पीएस२ साठी हनुमान: बॉय वॉरियर हा गेम बनवला, भारतात घडलेला तो पीएस२ चा पहिला गेम, आणि तो सोनीच्याच नावाने बाजारात आला. त्याच वर्षी त्याच शहरातल्या गेमशास्त्राने कबड्डी, पतंगबाजी अशा आपल्या खेळांचा देसी अड्डा हा संच केला. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये गल्ली क्रिकेटवर स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स आणला. कलाकृती म्हणून हे गेम थोर होते असा माझा दावा नाही; हनुमानाचा गेम तर खेळायला बराच कंटाळवाणा होता. परंतु या देशात कन्सोलसाठी गेम बनवण्याचा जो पहिला प्रयत्न झाला त्याचा पुरावा त्या डिस्कमध्ये आहे, आणि त्या डिस्क चालवणारे यंत्र आज कोणी बनवत नाही. भारतातल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, याची हळहळ पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाच्या आवारात मी अनेकदा ऐकली आहे. तिथे प्रतच हरवली होती. इथे प्रत आमच्या कपाटात आहे आणि तिला कुलूप तुमचे आहे.

हीच गत क्रिकेट ०७ ची. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा हा शेवटचा क्रिकेट गेम २००६ च्या अखेरीस पीएस२ आणि संगणकासाठी आला आणि भारतातल्या एका पिढीच्या सुट्ट्या त्याने व्यापल्या. आज तो कोणत्याही अधिकृत डिजिटल दुकानात नाही. संघांचे, खेळाडूंचे, गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात आणि ती संपली की गेम पुन्हा विकता येत नाही, हे कारण मला ठाऊक आहे. पण हेच कारण माझ्या बाजूचे आहे. जो गेम तुम्ही पुन्हा विकूच शकत नाही त्याची जुनी डिस्क चालू दिल्याने तुमचा एक रुपयाही बुडत नाही. जुने गेम जपण्याचे काम करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे बाजारात मिळत नाहीत. जे पुन्हा मिळतात तेही नेहमी जसेच्या तसे असतात असे नाही. ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी या गेममधली काही गाणी नंतरच्या डिजिटल आवृत्त्यांतून गाळली गेली, मूळ डिस्कवर ती अजून वाजतात. ग्रंथालयात आम्ही पहिली आवृत्ती का जपतो, हे यापेक्षा वेगळे सांगावे लागत नाही.

मायक्रोसॉफ्टविषयी लिहिताना आधी श्रेय द्यायला हवे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्स वनवर एक्सबॉक्स ३६० ची डिस्क घालण्याची सोय तुम्ही केली. डिस्क ओळखली की त्या गेमची नव्या यंत्रासाठी बांधलेली प्रत उतरते, पुन्हा पैसे मागितले जात नाहीत, डिस्क हाच विकत घेतल्याचा पुरावा. २०१७ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सच्या काही गेमनाही ती मिळाली. हे करता येते, ते कायद्यात बसते आणि ग्राहकाला आवडते, हे तुम्हीच दाखवून दिलेत. त्यामुळेच नोव्हेंबर २०२१ मध्ये ७६ गेमची शेवटची भर घालून, परवाने आणि तांत्रिक मर्यादा यांचे कारण देऊन, तुम्ही ती यादी बंद केलीत याचे जास्त वाईट वाटले. सीरिज एस या तुमच्या कन्सोलला ड्राइव्हच नाही, आणि भारतात स्वस्त म्हणून घेतला जातो तो तोच. तो घेणाऱ्याच्या जुन्या डिस्कना ही सगळी सोय असून नसल्यासारखी आहे.

निन्टेंडोबद्दल थोडक्यात. वी कन्सोल गेमक्यूबच्या डिस्क घेई, वी यू हा वीच्या डिस्क घेई. २०१७ च्या स्विच या कन्सोलपासून गेम छोट्या कार्डांवर येऊ लागले, डिस्कच राहिली नाही, तेव्हा ती साखळी तुटणे मी समजू शकते. परंतु जून २०२५ मध्ये स्विच २ आला, तेव्हा गेमक्यूबचे निवडक गेम तुम्ही सर्वांत महागड्या सदस्यत्वात ठेवलेत, आणि ज्याच्याकडे त्याच गेमची डिस्क आहे त्याला काडीची सवलत दिली नाहीत.

एक तक्रार भविष्याविषयीची आहे. पीएस५ चा वेगळा मिळणारा ड्राइव्ह जोडताना एकदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी करावी लागते. आज यात त्रास काही नाही. पंधरा वर्षांनी तो सर्व्हर बंद झाला आणि कोणाचा ड्राइव्ह बिघडून बदलावा लागला, तर पीएस५ च्या डिस्कही आमच्या पीएस२ च्या डिस्कच्या रांगेत जाऊन बसतील. स्विच २ च्या काही कार्डांवर तर गेमच नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. ती कार्डे ग्रंथालयात ठेवण्याचा मी विचारही करू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या अशा आहेत. सोनीने पीएस५ आणि त्यानंतरच्या कन्सोलवर पीएस२ ची डीव्हीडी आणि पीएस३ ची ब्लू-रे डिस्क स्वीकारावी. हे एकदम होणार नसेल तर ज्या गेमची डिजिटल आवृत्ती आजच विक्रीला आहे, तिथून सुरुवात करावी: डिस्क घातली, ओळख पटली, की तो गेम विनामूल्य खुला व्हावा, मायक्रोसॉफ्टने केले तसाच. भारतात पीएस३ चे गेम कधी आणि कोणत्या मार्गाने देणार, याची तारीख जाहीर करावी. मायक्रोसॉफ्टने बंद केलेली यादी पुन्हा उघडावी, आणि ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलना यूएसबीने जोडता येईल असा ड्राइव्ह द्यावा. निन्टेंडोने डिस्क असलेल्यांना निदान तेवढा गेम सदस्यत्वाशिवाय मिळण्याची व्यवस्था करावी.

तिघांकडे मिळून आणखी दोन मागण्या आहेत. पहिली लेखी हमीची. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक प्रोग्रामची राखीव प्रत करण्यास आणि व्यक्तिगत, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत किंवा रूपांतर करण्यास मुभा देते. आणि २०१२ मध्ये आलेले कलम ६५ अ संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगताना हक्कभंगाचा हेतू असण्याची अट घालते. ज्याच्याकडे मूळ डिस्क आणि मूळ कन्सोल आहे त्याने स्वतःपुरता एम्युलेटर वापरला तर त्याच्यावर किंवा त्या एम्युलेटरच्या लेखकांवर तुम्ही कारवाई करणार नाही, एवढे तुम्ही जाहीर करावे. दुसरी मागणी माझ्या व्यवसायाची आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतातला प्रकाशक आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना देतो. गेम त्या कायद्यात येत नाहीत, म्हणून सक्ती नाही. पण भारतात बनलेल्या आणि तुमच्या कन्सोलवर आलेल्या गेमच्या चालू शकतील अशा प्रती, आवश्यक त्या परवानगीसह, एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे सोपवायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही. सुरुवात हनुमान, देसी अड्डा आणि स्ट्रीट क्रिकेट या तीन गेमपासून करा.

लोकांनी बोलल्यावर तुम्ही ऐकता, याचा दाखला आहे. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस३ आणि व्हिटा या हातात धरून खेळायच्या कन्सोलची ऑनलाइन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले, ग्राहकांनी विरोध केला, आणि एप्रिलमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी निर्णय चुकला असे स्पष्ट लिहून तो मागे घेतला. युरोपात विकलेले गेम नंतर निकामी करू नयेत यासाठी झालेल्या नागरिकांच्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आहेत. आमच्याकडे अशी व्यवस्था नाही, म्हणून या पत्राची प्रत मी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला पाठवत आहे.

उत्तर देताना कृपया ग्राहकसेवेचा ठरावीक मजकूर पाठवू नये. वरील प्रत्येक मागणीपुढे होय, नाही, किंवा कधीपर्यंत, एवढे लिहावे, आणि नाही असेल तर त्यामागचे कारण तांत्रिक आहे, परवान्याचे आहे की व्यापारी आहे, तेही लिहावे.

आपली,
मूळ डिस्क विकत घेणारी एक ग्राहक आणि ग्रंथपाल,
पुणे